मिशन युवक मंडळ (तिन्ही पाळ्या)

पिंपरीत कुठंही चार माणसं एका सावलीला उभी राहिली, की त्यांचं मंडळ काढून द्यायला मला बोलावतात. नाही बोलावलं तर मी आपणहून जातो. मी एका कंपनीत टूलरूमला आहे, पण ते आपलं पोटापाण्यासाठी. माझं खरं काम मंडळाचं. त्यामुळे १९७४ साली मिशनच्या चर्चमध्ये युवक मंडळ निघायची वेळ आली तेव्हा अण्णासाहेबांनी मलाच निरोप धाडला, यात नवल काही नव्हतं.

अण्णासाहेब म्हणजे या चर्चचे पंच. वय सत्तरीच्या घरात आणि कमरेला चर्चमागच्या हॉलची किल्ली. मी पोचलो तेव्हा त्यांच्यासमोर पाद्री हेन्रिकसाहेब बसले होते. साहेब डेन्मार्कचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलत.

"उद्धवराव," साहेब मला म्हणाले, "माझी कन्या इंग्रिड चौदा वर्षांची आहे. डोंगरावरची तिची निवासी शाळा बंद पडली. आता ती घरी असते आणि तिला एकही मैत्रीण नाही. ती रोज रडते. नाताळापर्यंत तिला सोबत मिळाली नाही तर तिला डेन्मार्कला आजीकडे पाठवावे, असे माझ्या पत्नीचे मत आहे. इंग्रिडला जायचे नाही. आम्हालाही तिला पाठवायचे नाही."

मिशनच्या डॉक्टरीणबाईंची दोन मुलंही तशीच एकटी होती. या तिघांनी दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये जमावं, गाणी म्हणावीत, खेळावं, बिस्किटं खावीत, एवढंच साहेबांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना किल्ली हवी होती.

"देतो की," अण्णासाहेब म्हणाले. "पण द्यायची कुणाच्या नावावर?"

"इंग्रिडच्या."

"अहो साहेब, पोरीच्या नावावर कशी देणार? उद्या हॉलचं काही बरंवाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा? आधी मंडळ काढा. मग मंडळाला देतो."

इथून पुढचं माझ्याकडे आलं. आता जबाबदारीची पदं पोरासोरांच्या हाती देणं हा शुद्ध पोरखेळ. म्हणून मी अध्यक्षपदासाठी अण्णासाहेबांचं नाव सुचवलं.

"परंतु हे युवक मंडळ आहे," साहेब म्हणाले.

"म्हणूनच! तारुण्याचा सगळ्यात जुना अनुभव त्यांनाच आहे."

अध्यक्षानं खुर्चीत बसायचं असतं, म्हणून काम करायला एक कार्याध्यक्ष नेमला. तो पिंपरीचा निघाला. चिंचवडकर रुसले, म्हणून त्यांना दोन उपाध्यक्षपदं दिली. मग भोसरीकरांनी काय घोडं मारलं होतं? त्यांना सहचिटणीस केलं. तरी जी माणसं उरली त्यांना सल्लागार म्हणून घेतलं, कारण पद न मिळालेला माणूस पिंपरीत फार दिवस मोकळा सोडणं बरं नाही. सरचिटणीसपद मला नको होतं. लोकांनी आग्रह केला असता तर नाही म्हणता आलं नसतं, म्हणून त्यांना आग्रहाची तसदी न देता मीच ते घेतलं.

मंडळ झकास उभं राहिलं. फक्त बैठक भरेना. आमचे सगळे पदाधिकारी कंपन्यांतले. पहिल्या पाळीचे घरी येतात तेव्हा दुसरी पाळी कामावर असते आणि तिसरी पाळी दिवसभर झोपते. अशा वेळी सामान्य माणूस हात टेकतो. मी तीन कार्यकारिणी केल्या, पाळीला एक. पहिल्या पाळीनं ठराव केला, की मुलांनी आधी गाणी म्हणावीत, मग खेळावं. दुसरीनं तो फिरवला आणि आधी खेळ, मग गाणी असं ठरवलं. तिसरीनं झोपमोडीचा मुद्दा काढून दोन्ही गोष्टी तोंड मिटून कराव्यात असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलल्या. त्यामुळे पहिली कार्यकारिणी दुसरी झाली आणि तिला स्वतःचाच ठराव रद्द करावा लागला. पण तिनं कच खाल्ली नाही, कडाडून रद्द केला.

दिवाळी झाली. साहेब पुन्हा आले. चेहरा पार उतरलेला.

"उद्धवराव, किल्ली?"

"साहेब, मुलं अजून सभासदच नाहीत. सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते."

"जुने सभासद कोण आहेत?"

"अजून कुणी नाही. मंडळ नवीन आहे ना!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "तिच्या आईने तिकिटाची चौकशी सुरू केली आहे," ते म्हणाले. गलबलून आलं हो मला! बापाचं काळीज असतं. मी तिथल्या तिथं उद्घाटन समारंभ जाहीर केला.

समारंभ नाताळच्या तोंडावर झाला. हॉल अखेर उघडला, पण पदाधिकाऱ्यांनीच भरून गेला. मुलांना बसायला खुर्ची उरली नाही, ती लागणारही नव्हती. त्यांना स्वागतगीत म्हणायचं होतं, हार घालायचे होते आणि चहाचे कप फिरवायचे होते. इंग्रिड बिचारी एकेकाला हार घालत होती. अध्यक्ष झाले, कार्याध्यक्ष झाले, चिंचवडचे दोघे झाले, भोसरीकर झाले. आता माझी पाळी आली, तेवढ्यात अण्णासाहेब भाषणाला उभे राहिले.

"मी विचारतो," ते माइकवर गरजले, "आजची तरुण पिढी आहे कुठं?"

टाळ्या पडल्या. मी मान वर करून पाहिलं, तर तरुण पिढी खरंच कुठं नव्हती. तिघंही गायब. आणि माझा हार ताटात तसाच पडलेला! मी तडक मागच्या दारानं बाहेर पडलो.

चर्चमागच्या मोकळ्या जागेत धुरळा उडालेला. चर्च झाडणाऱ्या सोजराबाईंची नातवंडं आणि चाळीतली पोरं लगोरी खेळत होती. डॉक्टरीणबाईंची मुलं चेंडूमागं पळत होती. आणि मधोमध इंग्रिड, फ्रॉकला माती, तोंड लालभडक, बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "न्हाई लागला! आमी आउट न्हाई!"

"सोजराबाई, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"रोजचंच हाय," सोजराबाई वैतागून म्हणाल्या. "दसऱ्यापासनं खेळत्यात, घरी मातुर कुनाला सांगत न्हाईत. हिच्या पायी माजी पोरं जेवायला बी येईनात. तुमी तरी सांगा की हिला!"

म्हणजे दसऱ्यापासून, मंडळाच्या परवानगीशिवाय, एकही पदाधिकारी हजर नसताना, ही मुलं राजरोस खेळत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इंग्रिड," मी ओरडलो, "माझा हार राहिलाय!"

"थांबा वो काका," ती म्हणाली, "डाव चाललाय."

माझ्यामागून इंग्रिडची आई आणि साहेब येऊन उभे राहिले. बाई लेकीकडे बघतच राहिल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. मला वाटलं, माझ्या हाराचं वाईट वाटलं. त्या साहेबांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या.

"ती म्हणते, तिकीट काढायचे नाही," साहेब म्हणाले. "इंग्रिड येथेच राहील."

हे यश कुणाचं, हे मी सांगायला नको. मंडळाच्या अथक परिश्रमांमुळे एक मुलगी आईबापांजवळ राहिली, असा ठराव तिन्ही पाळ्यांनी एकमतानं केला. असं एकमत पुन्हा कधी झालं नाही. पण असं यश उघड्यावर टाकून कसं चालेल? आम्ही ती मोकळी जागा मंडळाच्या ताब्यात घेतली, तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली: 'मिशन युवक मंडळ. येथे विनापरवाना खेळू नये.'

तेव्हापासून पोरं दुसरीकडे कुठंतरी खेळतात. नदीच्या बाजूला कुठं तरी, संध्याकाळी आरडाओरडा ऐकू येतो. ती जागा शोधून तिला शिस्त लावायला आम्ही एक शोध समिती नेमली आहे.

तुम्हाला हसू येतंय. हसा, माझी हरकत नाही. पण त्या समितीत एक उपाध्यक्षपद रिकामं आहे आणि मी तुमचं नाव घालून ठेवलंय. काम काही नाही, नुसतं स्टेजवर बसायचं, हार घालून घ्यायचा. आजवर मला एकानंही नको म्हटलेलं नाही. आधी सगळे असेच हसतात, मग हळूच बाजूला घेऊन एवढंच विचारतात. तुमच्याही ओठावर आलंय ते, मला दिसतंय. लाजता कशाला?

हो, खुर्ची पहिल्याच रांगेत.