गुत्तेदाराची झोप

परतूर स्टेशनावर आगगाडीतून उतरलेलं सामान तीर्थपुरीला घरोघर पोचवायचा गुत्ता, म्हणजे वर्षाचा ठेका, भुजंगकडे होता, आणि हे काम आपण झोपेत करतो असं तो छाती फुगवून सांगायचा. लोकांना ती बढाई वाटे. ती अगदी खरी होती.

बैलगाडीत सामान रचलं, स्टेशनमास्तरांना रामराम घातला, की वेशीबाहेरच्या लिंबापर्यंत तो जागा असे. पुढे बैल आपले जात. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, अंगावर कोवळं ऊन, डोक्याखाली कुणाच्या तरी कापडाचं गाठोडं. घुंगरांचा आवाज हळूहळू लांब जाई, जणू दुसऱ्याच कुणाच्या बैलांचा. थेट काकासाहेबांच्या अडतीसमोर गाडी थांबली की धक्क्यानं जाग येई. डोळे चोळत भुजंग म्हणे, "बघा, बराबर आलो का न्हाई?"

त्या साली त्याचा एक बैल पायानं अधू झाला. भुजंगनं बाजारातून नवा घेतला. विकणारा मच्छिंद्र म्हणाला, "याला स्टेशनापासूनची वाट तोंडपाठ हाय. कासरा हलवायचं काम न्हाई." कोणती वाट, तेही तो पुढं सांगत होता, पण भुजंग तोवर ऐकायचा थांबला होता. असल्या बैलामागं झोप किती गोड लागेल, हेच त्याच्या डोळ्यांपुढं तरंगत होतं.

नेमकं त्याच आठवड्यात काकासाहेबांच्या नातवाचं बारसं निघालं. गुत्ता कुणाला द्यायचा ते काकासाहेबच ठरवत, कारण गाडीतलं निम्मं सामान त्यांचंच असे. साल संपत आलं होतं आणि परतूरचा बद्रीनाथ टांगेवाला गुत्त्यासाठी त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागला होता. काकासाहेबांनी भुजंगला बोलावून सांगितलं, "औरंगाबादेहून पेढ्याची करंडी येऊन राह्यली. बारशाच्या आधी घरात आली तर गुत्ता तुझा. न्हाई तर बद्रीनाथ हायेच. त्याला झोप येत न्हाई म्हणं."

करंडी गोणपाटात शिवलेली होती. भुजंगनं ती पोटाशी घेतली, लिंबापर्यंत डोळे ताणून धरले आणि मग सोडून दिले.

पुढं वाट फुटते तिथं जुना बैल सवयीनं तीर्थपुरीकडे वळू लागला. नवा दुसरीकडे. जुन्यानं जरा ओढून पाहिलं, पण नव्याचा जोर जास्त. मग नव्या सुनेपुढं सासू गप्प बसते, तसा तो मुकाट चालू लागला.

गाडीत भुजंगला स्वप्न पडत होतं. बैल नव्हतेच, एक मोटार लारी होती, तिच्या कपाळावर रंगीत अक्षरांत त्याचं नाव. लारी जमिनीवरून नाही, कापसावरून चालली होती, बगळ्यासारखी, बोंडालाही न लागता. आणि काकासाहेब तिच्यामागं धोतर सावरत धावत म्हणत होते, गुत्ता तुलाच, बाबा, जन्मभराचा तुलाच! सारी तीर्थपुरी गोळा झाली. कुणीतरी विचारलं, या पेढ्यांचं काय करायचं? भुजंगला एवढा आनंद झाला की त्यानं हात पसरून सांगितलं, "वाटा की. समद्यांला वाटा. एक बी ठिवू नका."

स्वप्नात वाटलेला पेढा फारच खमंग लागला. इतका, की त्याला जाग आली. पेढा खरोखरच तोंडात होता.

समोर देवळाचं शिखर होतं, पायरीवर माणसं बसून बोटं चाटत पेढे खात होती, आणि नवा बैल ओळखीच्या झाडाखाली उभा राहून रवंथ करत होता.

"ही तीर्थपुरी न्हाई?" भुजंगनं विचारलं.

"जांब हाय," पुजारी श्रीपतीबुवा म्हणाले. मच्छिंद्राचा हा बैल वर्षानुवर्षं स्टेशनावरून देवाची माणसं आणि देवाचं सामान घेऊन येत असे, तेव्हा करंडी देवाचीच हे साऱ्या गावानं धरून चाललं होतं. तरी बुवा धर्माला जागून म्हणाले, "म्या तुला इचारलं व्हतं. तूच म्हणला, समद्यांला वाटा."

"बुवा, ती काकासाहेबांची व्हती."

"आता देवाला दाखवून झाली. परत पायजे तर आत जाऊन माग."

भुजंगनं गाभाऱ्याकडं पाहिलं. आतली मूर्ती शांतपणे त्याच्याकडेच बघत होती. त्याची छाती झाली नाही. बुवांनी रिवाजाप्रमाणे करंडीत नारळ, तुळस आणि उरलेले मूठभर पेढे ठेवून ती परत दिली.

तिथून तीर्थपुरीपर्यंत भुजंग जागा होता. चोर आले सांगावं, तर अंगावर ओरखडा नाही. माकडं आली सांगावं, तर शिवण इतकी नीट उसवलेली! वांझोटे विचार करत तो पोचला तेव्हा पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या आणि ओट्यावर बद्रीनाथ टक्क डोळे उघडे ठेवून बसला होता.

काकासाहेबांनी करंडीत हात घातला. हात तळाला लागला. त्यांचा चेहरा बदलू लागला, तेवढ्यात त्यांची आई दुर्गाबाई पुढं आल्या. त्यांनी जांबच्या रिवाजाचा नारळ आणि तुळस ओळखली, तुळस कपाळाला लावली आणि पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "पेढे आधी जांबला देवापुढं ठिवून आणले. हा परसाद हाय."

मग मूठभर पेढ्यांचा हरभऱ्याएवढा एकेक कण साऱ्यांच्या हातावर पडला. एरवी अख्ख्या पेढ्यातही साखर कमी म्हणून खोड काढणारी माणसं डोळे मिटून तो कण जिभेवर विरघळू देत होती. साऱ्या बैठकीला स्वप्नात असल्यासारखी कळा आली. बद्रीनाथनंसुद्धा डोळे मिटले. एवढ्या लोकांत काकासाहेबांनीही आपला कण जिभेवर ठेवला.

पाहुणे पांगल्यावर दुर्गाबाईंनी भुजंगला जवळ बोलावलं. "गालावर गोणपाटाची नक्षी उमटली रे तुझ्या. लई गाढ लागली व्हती का?"

भुजंग घाईघाईनं गाल चोळू लागला.

गुत्ता त्यालाच मिळाला. देवाचा प्रसाद आणणाऱ्याला काढून टाकलं असं गावात व्हायला नको. पण दुर्गाबाईंनी अट घातली. त्याची बायको नंदाबाई गाडीवर शेजारी बसेल आणि त्याला जागं ठेवील. नंदाबाईचं तोंड परतूरभर माहीत होतं, त्यामुळं काकासाहेबांची खात्री पटली.

पहिल्याच खेपेला नंदाबाई मोठ्या तोऱ्यात चढली. लिंबापर्यंत तिनं त्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. मग घुंगरं लांब जाऊ लागली, ऊन अंगावर आलं, आणि तिची मान त्याच्या खांद्यावर टेकली. झोपेत ती हसत होती. तिच्याही स्वप्नात लारी असावी.

तिला उठवायचं भुजंगच्या जिवावर आलं. नवा बैल फाट्याकडे आशेनं बघत होता. भुजंगनं दोन्ही हातांनी कासरा घट्ट धरला, डोळे फाडून समोर पाहिलं, आणि चालता चालता त्याला कळलं, की ही वाट भलतीच लांब आहे.