खालून कापलेलं पत्रक

सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात मला लाल लघवी झाली.

बातमीत चुकीचा शब्द जायला नको म्हणून मी वाकून पुन्हा पाहिलं. लाल नव्हे, नारंगी. संत्र्याच्या सालीचा रंग असतो ना, अगदी तो. बावीस वर्षं सायंदैनिकाच्या टेबलावर काढली. पूर, आगी, पडलेली सरकारं सगळं जागेत बसवलं आणि हातातला चहा कधी हिंदकळू दिला नाही. त्या सकाळी मात्र पँटची चेन लावायला मला चार प्रयत्न लागले.

आधीची हकिगत थोडक्यात सांगतो. माझ्या मानेत सुपारीएवढी गाठ आली होती. तपासणीत तो क्षयरोग निघाला. छातीचा फोटो स्वच्छ होता, त्यामुळे माझ्यापासून कुणाला धोका नाही, कामावर खुशाल जा, असं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं. सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. दवाखान्यातल्या सिस्टरांनी हाताने लिहिलेलं दोन पानी पत्रक दिलं आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं वाचा. सगळं म्हणजे सगळं!"

"सिस्टर, वाचणं हाच माझा धंदा आहे," मी म्हणालो.

हेच माझं शेवटचं आत्मविश्वासाचं वाक्य.

एकही दिवस चुकवायचा नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या वडिलांनी याच आजारात तिसऱ्या महिन्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सोडल्या. आजार परतला तेव्हा त्याच गोळ्यांना तो दाद देईना. पुढचं मी कधी लिहिलं नाही आणि आताही लिहीत नाही. बायकोपुढे मात्र मी छाती ठोकून म्हणालो होतो, "जगबुडी झाली तरी माझी गोळी चुकणार नाही!"

तर ते पत्रक. मला ते फ्रिजच्या दारावर लावायचं होतं आणि दारावर जागा होती वीतभर. आमच्या धंद्यात याला एकच उपाय आहे. महत्त्वाचं वर असतं, बिनमहत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. कचेरीत मला 'कात्रीकाका' म्हणतात ते काही उगीच नाही. वरच्या सूचना ठेवल्या: गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्या, नंतर तासभर काही खाऊ नका, दारूला शिवू नका, दुसरी कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, तर गोळ्या थांबवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. मधल्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. खालचं पाऊण पान छाटलं. दाराला मजकूर असा बसला की मापानेच लिहिला असावा!

आता पुन्हा स्वच्छतागृहात येतो. मी अजून वाकलेलाच होतो, तेवढ्यात शेजारी आमचा क्रीडा उपसंपादक येऊन उभा राहिला. याला आम्ही 'भूकंप' म्हणतो. शिंक आली तरी हा तिची तीव्रता मोजतो.

"अहो काका! हे काय! रक्त!"

"हळू बोल. गाजराचा रस प्यालो."

"किती? शेतच प्यालात की काय?"

आजाराचं मी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुढे काही बोलताही येईना. मी टेबलावर येऊन लागोपाठ सहा ग्लास पाणी प्यालो. बारा वाजेपर्यंत भूकंपाचे धक्के तळमजल्यापर्यंत पोचले. जाहिरात विभागाने माझ्यासाठी उशीची खुर्ची पाठवली. टेलिफोनवरच्या बाई येऊन म्हणाल्या, "काका, एक मूत्रपिंड गेलं तरी माणूस जगतो हो! आमचे मामा जगले." साडेबाराला छपाईसाठी पान सोडताना माझ्या संगणकावर चुकून भूकंपाची फाइल उघडली. माझा मृत्युलेख! एकशेवीस शब्द.

"अरे, बावीस वर्षांचे एकशेवीस शब्द?"

"काका, राग मानू नका. तुमच्याच पद्धतीने लिहिलाय. खालून साठ कापले तरी अर्थ लागतो."

मंगळवारी घाम. बायकोने माझा पांढरा शर्ट उजेडात धरला. कॉलरवर नारंगी पट्टा.

"अहो, हा कुणाचा रंग?"

"कुणाचा म्हणजे?"

"घाबरू नका. संशय घेतला असता, पण एवढा भडक रंग लावणारी तुमच्याकडे बघेल कशाला?"

तिला लघवीचं सांगावं की नाही, यावर मी दिवसभर विचार केला आणि न सांगण्याचं ठरवलं. कारण साधं होतं. सांगितलं तर ती घाबरून म्हणणार, गोळ्या थांबवा. आणि थांबवायच्या तर नव्हत्याच! सिस्टरांना फोन करावा म्हणून फ्रिजपाशी गेलो. पत्रकावर नंबर नव्हता. पत्रकावर नंबर असतो कुठे? सगळ्यात शेवटी. मी तो तीन दिवसांपूर्वी बिनमहत्त्वाचा ठरवला होता.

बुधवारी काही नवीन घडलं नाही. रंग तोच, ग्लास आठ.

गुरुवार, सकाळी पावणेसहा. इथे एक तपशील द्यायला हवा. दोन महिन्यांपूर्वी मी चष्मा टाकून डोळ्यांत लेन्स घालायला लागलो होतो, कारण चष्म्यात मी शोकसभेला निघाल्यासारखा दिसतो असं बायकोचं मत. त्या दिवशी अर्धवट झोपेत लेन्स घातल्या, चार गोळ्या तळहातावर घेतल्या, पाण्याचा ग्लास उचलला आणि समोरच्या आरशात पाहिलं.

डोळे पिवळे!

भिंत पिवळी. ग्लासातलं पाणी पिवळट. मी ओरडलो. बायको धावत आली. तिच्याकडे पाहिलं तर तिचेही डोळे पिवळे!

"अगं, तुलाही झालं!"

"मला काय धाड भरलीय? तुमच्याकडे बघू." तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. तिचा चेहरा उतरला. "अहो... खरंच. बुबुळांच्या भोवती पिवळं कडं आलंय!"

आम्ही दोघंही एकदम फ्रिजकडे वळलो. सिस्टरांच्या ठळक, सुबक, मी चुका दुरुस्त केलेल्या अक्षरांत तिथे लिहिलं होतं: डोळे पिवळे झाले तर गोळ्या थांबवा.

बायकोने माझ्या हातातल्या गोळ्या काढून घेतल्या. मी त्या पुन्हा उचलल्या, तिने पुन्हा काढून टेबलावर ठेवल्या. मग मी तीन दिवसांचं सगळं सांगून टाकलं: लघवी, घाम, गाजराचा रस, मृत्युलेख.

ती कडाडली. "तीन दिवस! आणि मला आता सांगताय? दुनियेच्या बातम्या सगळ्यांच्या आधी, आणि घरची तीन दिवस शिळी!"

"तू गोळ्या थांबवल्या असत्यास."

"आणि आता काय करतोय आपण?"

टेबलावर चार गोळ्या ओळीने पडल्या होत्या. घेतल्या तर कदाचित यकृत जाणार, नाही घेतल्या तर वडिलांच्या वाटेने पहिलं पाऊल. बावीस वर्षांत एवढ्या कमी मजकुराने मला कधी एवढं अडवलं नव्हतं. बायकोने चहा केला, बरोबर दोन टोस्ट दिले, कारण आता उपाशी राहून काय करायचं होतं! मी ते रडत खाल्ले. रुमालाने डोळे पुसले. रुमाल नारंगी.

"अगंबाई! अश्रूसुद्धा!" बायकोने देवाचं नाव घेतलं आणि चपला घातल्या.

नऊ वाजता दवाखान्याचं दार उघडलं, तेव्हा पायरीवर आम्ही पहिले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि बाकी काही न विचारता म्हणाल्या, "काका, डोळ्यांत लेन्स आहेत?"

"आहेत."

"काढा."

काढल्या. तळहातावर दोन छोट्या नारंगी वाट्या. भिंत पांढरी झाली. बायकोचे डोळे पांढरे झाले, म्हणजे अर्थात नेहमीसारखे. सिस्टरांनी माझी खालची पापणी ओढली. "दुधासारखे स्वच्छ आहेत. पत्रक वाचलं नाही ना?"

"वाचलं! संपादितसुद्धा केलं!"

"काय केलं?"

मी सांगितलं. पूर्ण. वीतभर जागा, वरचं महत्त्वाचं, खालून कापणं. सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या.

"काका, सगळ्यात महत्त्वाचं मी मुद्दाम शेवटी लिहिते. माणसाला वाचलेल्यातलं शेवटचंच लक्षात राहतं! यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, घाम, अश्रू नारंगी होतात, घाबरू नका, गोळ्या थांबवू नका. मऊ लेन्स घालू नका, त्यांचा रंग जात नाही. काहीही शंका आली तर या नंबरवर फोन करा. हे तीन परिच्छेद! पत्रकात दुसरं आहे काय?"

"त्यातल्या चार चुका मी दुरुस्त केल्या," मी हळूच म्हणालो. बायकोने पायावर पाय दिला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं. उलटी? नाही. भूक? टोस्ट खाल्ले. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट? नाही, संत्र्यासारखी. "मग ती औषधाची. काळपट झाली, भूक मेली, डोळे खरोखर पिवळे झाले, तर मात्र त्याच क्षणी या. आजचा डोस घेतला?"

आम्ही दोघांनी जमिनीकडे पाहिलं.

"दोन तास पोट रिकामं ठेवा आणि मग घ्या. आजच. उद्या दुप्पट घ्यायच्या नाहीत. आणि तुमच्या समाधानासाठी यकृताची तपासणी करून टाकू." त्यांनी रक्त घेतलं. ते लाल होतं. मी खात्री करून घेतली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी, कचेरीच्या स्वच्छतागृहात नव्हे तर सरळ संपादकीय टेबलावर, मी चार गोळ्या सगळ्यांसमोर, आजाराचं नाव सांगून घेतल्या. टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, "क्षयरोग? एवढंच? आमचे दुसरे मामा सहा महिन्यांत ठणठणीत झाले." भूकंप जरा हिरमुसला. मृत्युलेख त्याने पुसला नाही, नुसतं फाइलचं नाव बदललं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कापलेला कागद कुठे टाकलात?" मी डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखालून चार घड्यांची चपटी पुडी काढून दिली. आता ती फ्रिजवर आहे, वरच्या अर्ध्याच्याही वर. दाराची मूठ तिच्यामागे झाकली गेलीय. मी चष्मा लावून शोकसभेचा चेहरा घेऊन रात्री हे लिहायला बसलो, तर टेबल पुन्हा डगमगायला लागलं.

आज शुक्रवार, दुपारचे चार. हा शेवट कचेरीत लिहितोय. एकशे ऐंशी दिवसांपैकी पाचवा डोस पहाटे सहाला उपाशीपोटी घेतला. रक्ताचा अहवाल तीनला मिळणार होता, अजून आलेला नाही. बायको दवाखान्यातल्या बाकावर बसून आहे. हे ज्यात छापायचंय त्या रविवारच्या पुरवणीचं पान आज भूकंप लावतोय. त्याने आत्ताच सांगितलं की हा मजकूर अकरा ओळींनी जास्त होतोय. मी त्याला हात जोडून म्हणालो, "बाबा रे, काय वाटेल ते कर, पण वरून काप!" सिस्टरांचा नंबर मी मुद्दाम शेवटच्या ओळीत टाकलाय. तो हसला, आणि त्याने कात्री उचलली.