टिपाडातलं पाणी

आईशी बोलताना माणसानं जिभेला जेवढं जपावं, तेवढं सुग्रीव कोंबड्यांशी बोलताना जपायचा, आणि बायनाबाईचं डोकं नेमकं त्यानंच फिरलं होतं. सोसायटीच्या शिबिराला गेवराईला जाऊन आल्यापासून लेकानं घरातला लसूण संपवला होता. "कोंबड्यांना पाण्यातून नैसर्गिक द्यायचं असतं, माय," म्हणे. मायेला काय द्यायचं असतं, ते शिबिरात कुणी शिकवलं नसावं. भाजीत लसूण का नाही म्हणून विचारलं की सून भामा मुकाट्यानं शेडकडं बोट दाखवायची.

तलवाड्याच्या वाटेवरच्या वस्तीत बायनाबाईचं लहानसं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड होतं. कुक्कुटपालन सोसायटीची सभासद ती स्वतः. सहीच्या जागी अंगठा, पण सभेत आवाज सगळ्यांच्या वर. यंदा दुष्काळानं विहिरींचे तळ दिसले, तसा सोसायटीनं ठराव केला, ज्याच्या कोंबड्या उन्हात धडधाकट दिसतील त्यालाच पुढची पिल्लं. बाकीच्यांचं शेड पावसाळ्यापर्यंत रिकामं. चेअरमन सुंदरराव दारोदार फिरून बघत होते, आणि त्या दुपारी बायनाबाईची पाळी होती. तिचं शेड रिकामं पडलं असतं तर सभेत जाऊन ओरडायचं तरी कुठल्या तोंडानं?

टँकर एक दिवसाआड यायचा. त्याचं पाणी अंगणातल्या टिपाडात भरायचं, झाकणाला कुलूप घालायचं आणि किल्ली कमरेला. धान्याची कोठी उघडी राहिली तरी बायनाबाईला झोप लागायची, टिपाड उघडं राहिलं तर नाही. त्या सकाळी मात्र ती शेळ्यांना पाला आणायला गेली आणि किल्ली भामाकडं देऊन गेली. परत येऊन बघते तर टिपाडातलं पाणी पिवळंधमक.

"सुग्र्या! काय वतलंस ह्यात?"

"लसूण, ओवा, कडुलिंबाचा रस, कोरफड, हळद. आन् वरून गूळ."

"शिकवणाऱ्यानं समदं एकदम घालाय सांगितलं व्हतं?"

"त्यानी एकेक सांगितलं, चिमटी-चिमटी. पण आज चेरमन यायलेत. म्हणलं, जरा हात सैल सोडावा."

"आरं, कोंबड्यांचं लगीन हाय का, एवढी हळद लावायला?"

सुग्रीवनं ऐकलं न ऐकलं केलं, शेडातली भांडी त्या पाण्यानं भरली आणि चेअरमनना वाट दाखवायला मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेला.

इकडं एका कोंबडीनं भांड्यात चोच बुडवली, मान झटकली आणि अशी मागं सरकली की बाकीच्या तिच्यावर विश्वास ठेवून लांबच उभ्या राहिल्या. ऊन चढलं. चोची उघड्या पडल्या, पंख लोंबायला लागले.

"आत्याबाई, ह्या तर पेयनात की," भामा रडकुंडीला आली. "टँकर बी उद्याच्याला हाय."

गोडं पाणी उरलं होतं ते घरातल्या माठात आणि दोन घागरींत. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेलं. आपल्या उंबऱ्यावरून कुणी पाण्यावाचून गेला नाही, हे बायनाबाई तलवाड्याच्या बाजारात न विचारता सांगायची. तिनं कोंबड्यांकडं बघितलं, मग टिपाडाकडं बघितलं.

"भामे, घागरी उचल. माठ बी."

"आन् पाहुण्यांला?"

"पाहुणे कोंबड्या बघाय यायलेत. कोंबड्या काय पाहुणे बघाय बसल्या न्हाईत. टिपाडातलं गाळून घे. तांब्या राखेनं घास, लख्ख कर. तांब्या लख्ख असला की माणूस आत बघत न्हाई."

जीप आली. सुंदरराव उतरले, मागून सोसायटीचे सचिव आप्पाराव. आप्पारावांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा म्हणजे सोसायटीची अब्रूच. बायनाबाईनं स्वतःच्या हातानं लख्ख तांब्यातून पेले भरून पुढं केले.

सुंदररावांनी घोट घेतला. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "हे काय हाय, बायनाबाई?"

"उन्हावरचा काढा. माझ्या माहेरचा, आष्टीकडचा."

यंदाच्या साली कुणाच्या दारचं पाणी पेल्यात उष्टं टाकणं म्हणजे घरधन्याला शिवी दिल्यासारखं होतं. सुंदरराव डोळे मिटून प्याले. आप्पाराव प्याले. बायनाबाईनं पेले परत भरले. "घ्या की. लाजता कावून?"

शेडात गेल्यावर मात्र सुंदरराव खूश झाले. माठातल्या गार पाण्यानं कोंबड्या तरतरीत होऊन इकडून तिकडं धावत होत्या.

"वा! सकाळपासून नुसत्या माना टाकलेल्या कोंबड्या बघत आलो. ह्यांच्या पाण्यात देता तरी काय?"

बायनाबाई तोंड उघडणार, तोच मोटारसायकल लावून आलेला सुग्रीव छाती काढून पुढं झाला. "लसूण, साहेब!"

सुंदररावांना बारीक ढेकर आला.

"ओवा." सुंदररावांची जीभ गालातल्या गालात फिरली.

"कडुलिंब." आप्पारावांनी डोळे मिटले.

"आन् मुख्य म्हणजे हळद!"

सुंदररावांनी सावकाश वळून आप्पारावांकडं बघितलं. सोसायटीची अब्रू नाकाखाली पिवळीजर्द झाली होती. मग ते वाकले, एका भांड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी वास घेतला.

"हे तर माठातलं हाय. बायनाबाई, कोंबड्यांला माठातलं, आन् आमाला कोंबड्यांचं?"

सुग्रीवनं आ वासला. भामानं पदर तोंडात कोंबला. पिल्लं गेली, आणि उंबऱ्याचं नावही गेलं, हे बायनाबाईला लख्ख दिसलं. तिनं पदर खोचला.

"व्हय, पाजलं. तुमाला कडू लागलं तर तुमाला तोंड हाय, ठराव करता येतो. ह्या मुक्या जिवानं कुठं अर्ज द्यायचा? पिल्लं द्यायची तर द्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. माझ्या शेडात कोंबडी तहानेली मरायची न्हाई."

सुंदरराव उत्तर द्यायला गेले आणि आतून ढेकर निघाला. लांब, भरदार, आटलेल्या विहिरीला अचानक झरा लागावा तसा. कोंबड्या कोपऱ्यात पळाल्या. सुंदररावांनी पोटावर हात फिरवला आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उकलली.

"आप्पाराव, कवापासून पोट फुगून बसलं व्हतं माझं. बीडच्या डाक्टरला बी दाद देईना." ते खाकरले. "पिल्लं मिळतील, बायनाबाई. ठराव कोंबड्यांचा हाय, आन् कोंबड्या धडधाकट हायत." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्या टिपाडात... आजून हाय का थोडं?"

जीपमधला कॅन काठोकाठ भरून घेऊन मंडळी निघाली. आप्पाराव उपरण्यानं मिशा झाकून बसले होते.

"बघितलंस, माय?" धुरळ्याकडं बघत सुग्रीव म्हणाला. "नैसर्गिक!"

बायनाबाईनं टिपाडाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बघितलं. औषध तुझं खोटं न्हाई, सुग्र्या. जनावर तेवढं चुकलं. आजपासून कोंबड्या मी पाळते, चिमटी-चिमटीनं. तू चेरमन पाळ."