एक स्प्रिंग शिल्लक

फाईलबुवांनी ट्रॅक्टर दुरुस्त करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या हातात पाना नव्हता, चहाचा कप होता. (माणसाचे बहुतेक घातक निर्णय चहा पितानाच होतात.) सासऱ्यांचा फोन नुकताच येऊन गेला होता. रविवारी दहा वाजता ते भंगारवाल्याला घेऊन येणार होते आणि मागच्या शेडमध्ये नऊ वर्षं पडून असलेला आपला गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर देऊन टाकणार होते.

फाईलबुवा म्हणजे एका कचेरीतले रेकॉर्ड कारकून. नाव कचेरीनंच ठेवलेलं. सासरे एका मोठ्या बागेचे मुख्य माळी होते आणि निवृत्त होताना बागेतला तो ट्रॅक्टर विकत घेऊन आले होते. खुर्चीएवढी सीट, चार चाकं आणि दोरी ओढून सुरू करायचं एका सिलिंडरचं इंजिन. पुढे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना त्यांनी तो लेकीकडे ठेवला, आणि जावयाला मात्र बजावलं की तुम्ही हात लावू नका. लग्नातसुद्धा जावयाच्या हातात बटणाचं एक पेन ठेवून ते म्हणाले होते, "तुम्हाला हेच झेपेल." हे वाक्य बावीस वर्षं झोंबत होतं. पेन मात्र झकास होतं, रोज खिशाला असायचं.

फोन झाल्यावर बायको मोरीकडे वळली. भांडी विसळता विसळता एवढंच म्हणाली, "लहानपणी बाबा मला मांडीत घेऊन त्याच्यावर बसायचे. स्टिअरिंग माझ्या हातात द्यायचे." आणि तिनं नळ उगाचच मोठा सोडला.

झालं. फाईलबुवांनी कप खाली ठेवला, आठवड्याची रजा टाकली आणि शेजारच्या गॅरेजवाल्याकडून पान्यांची पेटी मागून आणली. काय वाटेल ते होवो, ट्रॅक्टर भंगारात जाणार नाही.

आता इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पद्धत म्हणजे काय ते कळत होतं. निघालेल्या प्रत्येक भागाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक घालायचा आणि तोच क्रमांक यादीत चढवायचा. जोडताना उलट्या क्रमानं जायचं आणि यादीत बरोबरची खूण करायची. क्रमांक एक, प्लगची टोपी. क्रमांक सात, स्टिअरिंग. क्रमांक एकतीस, "गोल, कशाचं तरी". मंगळवार संध्याकाळपर्यंत शेडमध्ये एकशे बारा चिठ्ठ्या फडफडत होत्या, आणि बायकोचे दोन टब, एक परात आणि पोळपाट कामाला लागले होते.

बुधवारी सगळे भाग रॉकेलनं धुतले. टाकीतून वाटीभर गंज निघाला. कार्ब्युरेटरचं बारीक भोक काही केल्या मोकळं होईना. तारेनं झालं नाही, सुईनं झालं नाही. शेवटी फाईलबुवांनी पेन उघडून रिफिलच घातली आणि भोक मोकळं केलं. (शाई थोडी आत गेली, पण इंजिनाला काय, निळं पेट्रोलही चालतं.) त्या गडबडीत पेनही बिघडलं. बटण दाबलं की आत जाई ते आतच राही. सासऱ्यांच्या वस्तू एकदमच संपावर जातात, असं पुटपुटत त्यांनी यादीतल्या खुणा पेन्सिलीनं केल्या.

आणि गुरुवारी दुपारी, तिसऱ्या ओढीला, इंजिन सुरू झालं! आधी खोकलं, मग काळा धूर सोडून खडखडायला लागलं. बायको ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि तिनं चक्क टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण परातीत एक स्प्रिंग उरली होती. बोटाच्या पेराएवढी, चकचकीत. तिला चिठ्ठी नव्हती.

"चालतंय ना? मग?" बायको म्हणाली.

"चालतंय. पण ताळा जुळत नाही."

"फेकून द्या ती स्प्रिंग."

फेकून द्या! ज्या माणसानं एका हरवलेल्या कागदासाठी कचेरीतली चार कपाटं रिकामी केली होती, त्याला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फाईलबुवांनी चालतं इंजिन बंद केलं आणि शुक्रवारी सगळं पुन्हा खोललं. स्प्रिंगला जागा मिळाली नाही. जोडलं. शनिवारी परत खोललं. एका ठिकाणी ती जवळजवळ बसली, पण मग तिथली मूळची स्प्रिंग उरली. संध्याकाळी त्यांनी सगळं जोडलं, स्प्रिंग काड्यापेटीत घातली आणि यादी तपासली. एकशे बाराच्या एकशे बारा खुणा जागच्या जागी होत्या.

रविवारी साडेनऊपासून ते दोरी ओढत होते. एकदा, दहादा, चाळीसदा. इंजिन ढिम्म. दहाच्या ठोक्याला टेम्पो दारात आला. सासरे उतरले, मागोमाग भंगारवाला. घामानं निथळणारा जावई बघून सासऱ्यांनी फक्त भुवया वर केल्या. फाईलबुवांना वाटलं, आता धरणी दुभंगावी. चालतं इंजिन आपणच मारलं, आणि तेही हिच्या डोळ्यांसमोर.

बायको पुढे आली. इंजिनाभोवती एकदा फिरली, वाकली आणि प्लगची लोंबणारी टोपी अंगठ्यानं दाबून बसवली. मग दोरी ओढली. एकच ओढ. इंजिन सुरू.

क्रमांक एक! यादीत त्याच्यापुढे खूण होती, पण ती गुरुवारची. फाईलबुवांनी तीनही वेळा एकच यादी वापरली होती.

सासरे सीटवर बसले. अंगणाला त्यांनी दोन चकरा मारल्या, मग लेकीला बसवलं. एवढी मोठी बाई, पण स्टिअरिंग धरून लहान मुलीसारखी हसत होती. फाईलबुवांचे डोळे भरून आले. (रॉकेलचा वास, असं त्यांनी नंतर सांगितलं.)

"इंजिनात शाई कशी?" उतरून, निळं झालेलं बोट पुसत सासऱ्यांनी विचारलं. जावयानं सगळं कबूल केलं आणि काड्यापेटी पुढे केली. सासऱ्यांनी स्प्रिंग उजेडात धरून पाहिली. मग जावयाच्या खिशातलं पेन काढलं, उघडलं, स्प्रिंग आत घातली, फिरवून बंद केलं आणि बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्.

पेन त्यांनी जावयाच्या खिशाला परत लावलं. ट्रॅक्टर इथेच राहील, पण चालवील माझी मुलगी, असं जाहीर केलं.

भंगारवाला इतका वेळ टेम्पोला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मग मी काय रिकामाच जाऊ, आजोबा? दुसरं काही नाही का देण्यासारखं?"

सासऱ्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आहे," ते म्हणाले, "पण मुलगी द्यायला तयार होणार नाही."