लाल चोचीचे भाडेकरू

भूमिपुत्रांचा लढा म्हटला की शिस्त पाहिजे, आणि शिस्त नुसती मोर्च्यात असून भागत नाही, ती पाखरांनाही लागू पाहिजे. लालबागच्या फणसे चाळीला हे दिल्लीच्या आधी कळलं, हा चाळीचा मोठेपणा!

झालं काय, तिसऱ्या मजल्यावरची दुर्गा गॅलरीच्या कठड्याला करवंटी टांगायची. त्यात तांदळाच्या कण्या, चिमण्यांसाठी हां. तर एक दिवस आलं कोण? राखाडी अंग, पांढरे गाल आणि चोच अशी लालबुंद, की पान खाऊनच आलीयेत! जावा बेटावरची पाखरं म्हणे. रे रोडला कुणाचा तरी पिंजरा फुटला, तिथून उडत उडत थेट लालबाग. (मधे कॉटन ग्रीनला थांबली नाहीत. तिथे कापूस खावा लागला असता.)

दुर्गा खूश. पाखरांनी चाळ समितीच्या पाटीमागे घरटं केलं, तीन पिल्लंही झाली. तिने कुणाला सांगितलं नाही.

पण समितीचे अध्यक्ष गणपतभाऊ वर आलेच. "गो दुर्गे, ही पाखरां खयची?"

"भुकेची, भाऊ."

"मस्करी नको! बाहेरसून येवन आमच्या चिमण्यांचो घास खातत!"

रविवारी सभा. आधी चिमण्यांची बाजू तपासली गेली. (एकीचीही तक्रार नव्हती. म्हणजे त्या दहशतीखाली आहेत, असं ठरलं.) मग ठराव: ज्याचा जन्म मुंबईतला, त्यालाच दाणा. करवंटी उद्या उतरवायची.

करवंटी गेली की पाखरं जाणार, पिल्लं उपाशी मरणार. दुर्गा उठलीच. "भाऊ, तुमच्या पाटीमागे पिल्लं जन्मलीयेत. त्यांना मिळणार ना दाणा?"

"मिळतलो," भाऊ नाइलाजाने म्हणाले.

"आणि तुमचा जन्म कुठचा हो?"

भाऊ कणकवलीचे. खजिनदार चिपळूणचे. चिटणीस अलिबागचा. ("जवळच आहे," तो म्हणाला.) पोरांनी धडाधड हात वर केले, तर आयांनी ते ओढून खाली घेतले: बाळंतपणं माहेरी झालेली! सबंध चाळीत अस्सल मुंबईकर निघाले तीन, आणि तिघांनाही अजून पिसं फुटायची होती.

लगेच दुरुस्ती आली: जन्म कुठचा, हे या चाळीत यापुढे कुणी कुणाला विचारू नये. एकमताने मंजूर! करवंटी जागच्या जागी राहिली.

चाळ अजून तो ठराव इमानाने पाळते, आणि आपण सगळेच पाळतो की. नवा माणूस खोली बघायला आला, तर जन्म कुठचा म्हणून एका शब्दाने विचारत नाही.

नुसतं आडनाव विचारतो.