पोहण्याच्या थांब्यांसह

माणूस आणि समुद्र यांच्यामध्ये देवाने जेवण ठेवलं आहे. ज्यांना हे मान्य नाही, ते लोक बुडतात किंवा उत्तर युरोपात राहतात.

आमच्या ग्रीक बेटावर हा नियम दात यायच्या आधी कळतो: जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही. का, ते कोणी विचारत नाही. (विचारणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, म्हणून तो वाद घालत बसतो, वाद घालत बसल्यामुळे पाण्यात उतरत नाही, आणि न उतरल्यामुळे वाचतो. नियम सिद्ध.) जेवून लगेच पोहायला गेला आणि बुडाला, असा एकही माणूस आमच्या बेटावर कोणाच्या आठवणीत नाही. नियम इतका काटेकोर पाळला जातो.

'मारुसो' ही बोट याच नियमावर चालते. इंजिनावरही चालते, पण ते अधूनमधून.

धक्क्यावरच्या पाटीवर लिहिलं आहे: अर्ध्या दिवसाची सफर, पोहण्याच्या तीन थांब्यांसह, घरचं जेवण. पाटी पांदेलिसने रंगवली. तो बोटीचा कप्तान, वय अठ्ठेचाळीस. जेवण त्याच्या आईचं. तिच्याच नावावरून बोटीचं नाव पडलं. बेटभर तिला किरा-मारुसो म्हणतात, म्हणजे मारुसोबाई. मी दोर टाकतो, नांगर उचलतो आणि कर्ण्यावरून सूचना देतो. अधिकारांची वाटणी स्वच्छ आहे: पांदेलिस सुकाणू धरतो, आणि किरा-मारुसो पांदेलिसला.

कर्ण्यावरून: *प्रवाशांचं स्वागत आहे. जीवरक्षक जाकिटं बाकाखाली आहेत. चीजच्या पोळ्या बाकावर आहेत. आधी बाकावरचं संपवा.*

*

नवख्यांच्या सोयीसाठी बोटीवर लागू असलेली प्रमाणं इथे देतो. भरलेले टोमॅटो, तीन तास. तळलेले खिम्याचे गोळे, तीन तास आणि वाकायचं नाही. चीजची पोळी, कडेची असेल तर दोन तास, मधली असेल तर तीन. कडेची फक्त कप्तानाला मिळते. कॉफीला काहीच वेळ लागत नाही, परंतु कॉफीबरोबर बिस्किट येतं आणि बिस्किटाबरोबर "एवढंसंच?" हा प्रश्न येतो. ऑलिव्ह, एका बीमागे दहा मिनिटं.

कलिंगड वादग्रस्त आहे. ते अन्न की पाणी, यावरून धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात दोन पक्ष आहेत आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. किरा-मारुसोने मधला मार्ग काढला आहे. नुसतं कलिंगड म्हणजे पाणी. खारट चीजच्या तुकड्याबरोबर दिलं तर जेवण. नुसतं ती कधीच देत नाही.

आता हिशेब सोपा आहे. सफर पाच तासांची. पहिली पोळी बंदराच्या तोंडाशी. पहिला थांबा त्यानंतर तासाभराने, म्हणजे पोहायला बंदी. न पोहता बसलेला माणूस समुद्राच्या हवेने भुकावतो. भुकेल्याला उपाशी ठेवणं पाप. म्हणून दुसऱ्या थांब्याआधी टोमॅटो. तिसऱ्याआधी गोळे. परत येताना कलिंगड. अशा तऱ्हेने गेल्या संपूर्ण हंगामात 'मारुसो'वरून एकही प्रवासी पाण्यात पडला नाही. सुरक्षिततेचा असा विक्रम जगातल्या मोठमोठ्या जहाजांनाही जमलेला नाही.

या व्यवस्थेचं सर्वात परिपूर्ण फळ म्हणजे स्वतः कप्तान. पांदेलिसला पोहता येत नाही. चारही बाजूंनी समुद्र, बाप दर्यावर्दी, आई समुद्रतळाचा स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याची मुलगी, आणि हा गुडघ्याच्या वर भिजलेला नाही. कारण अठ्ठेचाळीस वर्षांत त्याच्या पोटात सलग तीन तास काही गेलं नाही, असं घडलेलंच नाही. शिकायला तो कितीदा निघाला. दरवेळी आईने म्हटलं, "रिकाम्या पोटी कुठे चाललास?"

*

विक्रम मोडायला लोक टपलेलेच असतात. मागच्या हंगामातल्या एका प्रवाशाने बंदर कचेरीला कळवलं: *जेवण अप्रतिम. समुद्रही दिसला.* कचेरीला दुसऱ्या वाक्यात तक्रारीचा वास आला. पोहण्याचे थांबे घेणारी बोट म्हणून परवाना आहे. मग पोहतं कोण?

ठरलं असं की निरीक्षक एक सफर करील. त्या सफरीत किमान एक माणूस, स्वखुशीने, पाण्यात उतरून पोहताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर परवाना जाईल. धक्क्यावरची जागा जाईल. मग पांदेलिस बोट विकील आणि अथेन्सजवळ पिरेअसला मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात उभा राहील. मेव्हण्याने त्याच्यासाठी दुकानाचं नाव छापलेला शर्ट आधीच शिवून ठेवला होता. (निळा. मेव्हण्याच्या मते त्याला समुद्राची आठवण येऊ नये म्हणून.)

आदल्या दिवशी पांदेलिस मला म्हणाला की उद्या आईला न घेता निघायचं. तिला दहाची वेळ सांगायची आणि नऊला दोर सोडायचा. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलंच बंड होतं आणि ते बोलतानाही त्याच्या हातात पाव होता.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती बोटीवर बसून टोमॅटो कोरत होती.

पांदेलिसने मग सगळं खरं सांगून टाकलं. निरीक्षक, परवाना, शर्ट. शेवटी हात जोडले: आज तरी तिसऱ्या थांब्यापर्यंत कोणाला काही देऊ नकोस. किरा-मारुसोने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी कशाला देतेय? ज्याला भूक लागेल तो मागेल."

हे वचन तिने अक्षरशः पाळलं. फक्त कोणाला भूक लागली आहे, हे ती स्वतः ओळखत होती.

*

निरीक्षकाचं नाव सरांदिस. उंच, बारीक, इस्त्रीचा पांढरा गणवेश. बारीक असणं हा त्याचा पहिला गुन्हा.

"तू फोतिनीचा मुलगा ना रे?" किरा-मारुसोने विचारलं.

तो म्हणाला की हो, परंतु आज तो सरकारी कामावर आहे.

"सरकारी कामाला पोट चालत नाही का? फोतिनीला काय तोंड दाखवू मी? धर."

त्याने दोन पोळ्या नाकारल्या. तिसरी नाकारताना तोंड उघडावं लागलं आणि तिथेच तो हरला.

कर्ण्यावरून: *आपण पहिल्या थांब्यावर पोचत आहोत. पाणी स्वच्छ आणि उथळ आहे. ते उजव्या बाजूने अधिक चांगलं दिसतं.*

सगळी आशा योस्तवर होती. हा हॉलंडचा, पेशाने पोहण्याचा शिक्षक. धक्क्यावरच त्याने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवला होता. पण आमच्या बोटीवर पाय ठेवल्यावर त्यानेही पोळी खाल्लीच होती, आणि मधली. नांगर पडताच तो उठला. त्याचं ग्रीक संध्याकाळच्या वर्गातलं.

"क्षमा असावी, बाई. मी पोहण्यास आलो आहे."

"तुझी आई कुठे असते, पोरा?"

"रॉटरडॅम येथे."

"तिला ठाऊक आहे, तू खाऊन लगेच पाण्यात उतरतोस ते?"

योस्त विचारात पडला. एकेचाळीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो पुढे झाला, पण उतरायची शिडी मोकळी नव्हती; तिच्या दांड्यांवर ऑक्टोपस वाळत घातला होता. उडी मारावी म्हणून तो काठावर चढला, तेव्हा मागून सरांदिसनेच त्याची चड्डी धरली. पुढे अहवालात त्याने याचं कारण दिलं आहे: निरीक्षक म्हणून कोणीतरी पोहावं ही त्याची इच्छा होती, पण फोतिनीचा मुलगा म्हणून तो डोळ्यांदेखत माणूस मरू देऊ शकत नव्हता.

कर्ण्यावरून: *पहिला थांबा संपला. सर्व प्रवासी कोरडे आहेत. अभिनंदन.*

दुसऱ्या थांब्यावर टोमॅटो होते. त्याबद्दल काय लिहिणार? अथेन्सहून आलेल्या एका जोडप्याने डोळे मिटून घेतले आणि ते उघडले तेव्हा थांबा मागे पडला होता. तिथली गुहा छान आहे म्हणतात.

पांदेलिस सुकाणूवर उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू टाइल्ससारखा होत होता. आई मधूनमधून येऊन त्याच्या तोंडात घास घालून जाई, कारण हात गुंतलेल्या माणसाने खायचं कसं? तो चावत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "मिरी जास्त पडली का?" तिने विचारलं.

*

तिसरा थांबा. शेवटचा. वाळूचा उथळ पट्टा, पाणी असं की बोट हवेत टांगल्यासारखी वाटते.

सरांदिसने टोपी घातली आणि जाहीर केलं की आता कायदेशीर मार्ग एकच: ज्याने तीन तासांत काहीही खाल्लं नाही, असा माणूस शोधायचा. तो कोणत्याही आईच्या आक्षेपाविना उतरू शकेल. लगेच उदरगणना सुरू झाली. (शब्द माझा. कचेरीने तो नंतर स्वीकारला.)

अथेन्सचं जोडपं: गोळे. फ्रेंच बाई: गोळे, आणि एक पिशवीत. योस्त: गोळे आणि पीच, चष्मा अजून कपाळावर. मी: विचारू नका. पांदेलिस: त्याने उत्तर देण्यासाठी आधी घास गिळला. निरीक्षक: त्याने प्रामाणिकपणे स्वतःचं नावही यादीत घातलं आणि गणवेशावरचा टोमॅटोचा डाग पुरावा म्हणून दाखवला.

एकूण पोटं सोळा. भरलेली सोळा. रिकामी शून्य.

सरांदिसने टोपी काढली. तो पांदेलिसला म्हणाला की मला फार वाईट वाटतंय, गोळे खरंच सुरेख होते. पांदेलिसने मान हलवली आणि शर्टाचं माप बरोबर निघेल की नाही, असं काहीतरी पुटपुटला.

तेव्हा योस्तने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"आणि बाई? बाईंनी काय खाल्लं?"

पांदेलिसने माझ्याकडे पाहिलं. मी सरांदिसकडे. आठ हंगाम मी त्या बोटीवर आहे. तिच्या हातात मी डाव पाहिला आहे, सुरी पाहिली आहे, दुसऱ्याच्या तोंडाकडे जाणारा घास पाहिला आहे. तिच्या स्वतःच्या तोंडाकडे जाणारा घास आठवेना.

"आई," पांदेलिस म्हणाला, "तू काय खाल्लंस?"

"मी? मी नंतर."

"सकाळी?"

"सकाळी तुझी घाई होती. मी खाईन रे नंतर."

सरांदिसने टोपी पुन्हा घातली. किरा-मारुसोला सगळं लख्ख कळलं, कारण तिचा हात पटकन पावाच्या टोपलीकडे गेला.

"किरा-मारुसो," निरीक्षक म्हणाला, "तो पाव खाली ठेवा."

तिने पावाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग पाव खाली ठेवला. एप्रन सोडला. डाव पांदेलिसच्या हातात दिला आणि सांगितलं की तळाशी लागू देऊ नकोस. योस्तने ऑक्टोपस उचलून कडेवर घेतला. शिडी मोकळी झाली, आणि ती काळ्या झग्यासकट, केसांच्या काट्यांसकट, एकेक दांडा उतरत पाण्यात गेली.

आम्हाला वाटलं होतं, ती शिडीला धरून भिजेल आणि नियम पुरा होईल. तिने शिडी सोडली. डोकं पाण्यात घातलं. बराच वेळ ते वर आलंच नाही. पांदेलिस सुकाणू सोडून काठाशी आला, डाव हातात तसाच. मग ती बोटीच्या दुसऱ्या बाजूने वर आली. खालून गेली होती. हातात मूठभर वाळू होती, तळाची खूण म्हणून, पाणबुड्यांच्या मुली आणतात तशी.

योस्तने पोहण्याचा चष्मा काढून हातात घेतला. लोक टोपी काढतात तसा.

सरांदिसने हवं ते लिहून घेतलं आणि हाक मारली की झालं, पुरे, परवाना वाचला. ती उताणी तरंगत होती. झगा फुगून तिच्याभोवती पसरला होता. तिने मान थोडी वळवली.

"इथून बोट केवढीशी दिसते रे," ती म्हणाली.

तासाभराने तिला पुन्हा बोलावलं. ती वाळूच्या पट्ट्याला वळसा घालायला गेली होती. सफरीची वेळ उलटली, प्रवासी भुकेले झाले, आणि 'मारुसो'च्या इतिहासात प्रथमच कोणी त्यांना काही दिलं नाही. पांदेलिसने डाव उंच धरला.

"आई, वर ये ना! जेवून घे काहीतरी!"

"वेडा का तू?" ती पाण्यातून म्हणाली. "जेवले तर तीन तास उतरता येईल का मला?"

*

परवाना आहे. धक्का आहे. निळा शर्ट मेव्हण्याने स्वतःच वापरायला काढला. पाटीवर तोच मजकूर आहे आणि आता तो खरा आहे: तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर एक व्यक्ती पोहते, बाकीचे चावत बघतात. ती सगळ्यांना वाढते, उतरते, वर येते, पुन्हा वाढते. पांदेलिस रोज परतताना विचारतो. ती रोज "नंतर" म्हणते. फरक इतकाच की आता केस ओले असतात.

कचेरीने पुढे संपूर्ण बेटाची उदरगणना केली. जेवणानंतरच्या तीन तासांत पोहण्यास पात्र ठरलेल्यांत एकही पुरुष नाही, एकही मूल नाही. पात्र व्यक्ती घरटी एक निघाली, आणि प्रत्येक घरात ती एकाच खोलीत सापडली.

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल तर चुकलं नाही. परकं बेट, परकी माणसं. फक्त हे तुम्ही बहुधा जेवण झाल्यावर, पाय लांब करून वाचत आहात, तेव्हा तीन तास पाण्याजवळ जाऊ नका. तेवढ्यात आपल्या घरची उदरगणना उरकून घ्या. उठायचीही गरज नाही. आतून भांड्यांचा आवाज येतोय, तिकडे तोंड करून नुसतं विचारा, जेवलीस का.

उत्तर तुम्हाला पाठ आहे.