अप्पांच्या चरबीतल्या खुणा

आमच्या लातूरच्या गल्लीतले मन्मथअप्पा स्वतःच्या पोटाशी बोलतात. लग्नात तिसरी जिलेबी उचलली की पोटावर थाप मारून म्हणतात, "हे ध्यानात ठेवू नको बरं, आग्रहाचं हाय!"

हे खूळ त्यांच्या लेकीमुळं शिरलं. शिवलीला नांदेडला संशोधन करते. उंदरांना साखर-तूप चारायचं, मधुमेह उंबरठ्यावर आला की त्यांची चरबी तपासायची. जनुकं तीच राहतात म्हणे, पण अशा खाण्यानं त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. पुढं खाणं सुधारलं तरी काही खुणा लवकर पुसल्या जात नाहीत. तिनं तासभर समजावलं. अप्पांनी एवढंच धरलं, "म्हंजे चरबीला सगळं ध्यानात ऱ्हातं!" मग काय, भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं.

आणि मग अप्पांचीच साखर उंबरठ्यावर आली. डॉक्टर म्हणाले, पोट उतरवा, रोज चाला. मी पडले शाळेतली बाई, गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. रोज सकाळी सहाला त्यांच्या दारात हजर. रोज नवं निमित्त! आज गुडघा, उद्या कुत्री, परवा धुकं. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"लेक तिकडं उंदरांच्या साखरेपायी झिजून राहिली, अन् तुम्ही इथं स्वतःची वाढवताय! काही वाटतं का?"

अप्पा दारातच खाली टेकले.

"बाई, शिवलीलाची आई, महानंदा, जाऊन दोन वर्षं झाली. तीस वर्षं मला तिनं करून घातलं. धपाटे, वर लोण्याचा गोळा. सणाला पुरण. नको म्हणलं तरी वाढायची." त्यांनी पोटावर हात ठेवला. "तिच्या हातचं जे उरलंय ते हितं हाय. ते बी चालून चालून घालवू का?"

मेलं माझं तोंड! मला भडभडून आलं. सरळ शिवलीलाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून अप्पांच्या हातात दिला.

ती म्हणाली, "अप्पा, चरबी कमी होईल. पण खुणा सगळ्या जात न्हाईत. आमच्या उंदरांच्या तर किती तरी तशाच ऱ्हातात. आमच्यासाठी तीच वाईट बातमी हाय."

"वाईट कशाची गं, येडे!" अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि चपला शोधायला लागले.